पुढं पायरी आहे

आमच्या आईनं घर सोडून जायची तारीख जाहीर केली तेव्हा मी दाढी करत होतो. ती बाथरूमच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "बुद्धपौर्णिमेची खीर खाऊन म्या गावाला जानार. हितं माझं काय काम ऱ्हायलं न्हाई." माझा गाल कापला. या सगळ्या प्रकरणातली ती पहिली जखम, आणि सगळ्यात लहान.

आईचं नाव फुलाबाई. वय ऐंशीच्या पुढं, किती पुढं ते तिलाही सांगता येत नाही. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. समोरचं तिला नळीतून बघितल्यासारखं दिसतं, बाजूचं काहीच नाही, आणि ती नळीही आता धुरकट झाली आहे. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तिला वेल्ह्याकडच्या आमच्या गावातून भोरला आणलं. गावात आमचं घर कुलूपबंद. शेजारची दोन घरंही कुलूपबंद, माणसं पुण्याला. परड्यात विहीर आहे आणि तिला कठडा नाही. अशा ठिकाणी ही बाई एकटी राहायला निघाली होती, आणि पौर्णिमेला एक महिना उरला होता.

कारण झालं चहाचं. भोरच्या घरात सकाळचा पहिला चहा आईचा, हे आल्या दिवसापासून ठरलेलं. मार्चमध्ये एकदा उकळता चहा कपाऐवजी ओट्यावर गेला आणि थोडा तिच्या पायावर सांडला. माझी बायको दीपमाला घाबरली. तिनं गॅसचा लायटर तूरडाळीच्या डब्यामागं लपवला आणि म्हणाली, "आत्या, आता तुम्ही बसून खायचं." मायेनंच म्हणाली, त्यात खोट नाही. पण जी बाई साठ वर्षं सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवत आली, तिच्या हातात आयता कप यायला लागला आणि तो चहा काही तिला गोड लागेना.

मी तिला पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली पुरवून वापरायची, घर तसं करून घ्या. आणि एक छापील कागद दिला. भरपूर उजेड, रंगांत फरक, मोकळी वाट, आधाराला कठडा. कागद हातात आला आणि मला स्फुरण चढलं. मी एसटीत चौतीस वर्षं काढली, आधी कंडक्टर, मग भोर स्टँडवर कंट्रोलर. कागदावरचं काम जागेवर कसं उतरवायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आईला मी काही विचारलं नाही, हे इथंच सांगून टाकतो. कंट्रोलर प्रवाशांना विचारून गाड्या लावत नसतो.

पहिलं कलम उजेड. हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात मिळून सहा नवीन ट्यूब लावल्या. घरात दोन वर्षांपूर्वी पांढऱ्याशुभ्र, चकचकीत फरश्या बसवल्या होत्या, दीपमालाची हौस. त्यावर सहा ट्यूबांचा उजेड पडला तेव्हा मलाच डोळे बारीक करावे लागले. आई खोलीतून आली आणि तिनं पदर ओढून डोळे झाकले. ज्या थोड्या नळीतून तिला दिसत होतं, तीही मी उजेडानं बुजवली होती. तेवढ्यात शेजारचे गंगाधरराव, घरी सुपारी फुटते आहे का, असं विचारायला आले.

गंगाधरराव हे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आणि आमच्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. त्यांच्याकडं सल्ला नाही असा विषय अजून निघायचा आहे. ते म्हणाले, पांढरा उजेड डोळ्याला वैरी, पिवळा लावा. मी ट्यूबा काढून पिवळे लावले. आई म्हणाली, बरं हाय. पण त्या उजेडात वरणात हळद पडली की नाही हे दीपमालाला कळेना, आणि तीन दिवस आम्ही दुप्पट हळदीचं वरण खाल्लं.

दुसरं कलम रंगांत फरक. कागदात लिहिलं होतं की पांढरा भात पांढऱ्या किंवा स्टीलच्या ताटात दिसत नाही, गडद ताट घ्यावं. मी काळी ताटं आणली. भात दिसायला लागला आणि कारळ्याची चटणी नाहीशी झाली. आई सगळ्या ताटावरून बोट फिरवून चटणी शोधायची आणि शेवटी ती भातातच सापडायची. मग मी पिवळी-काळी पट्टी आणली, रस्त्याच्या कामावर लावतात तसली, आणि दाराच्या चौकटी, बटणं, ओट्याची कड, खाटेचे पाय, संडासाचा उंबरा, जे काही कडेला होतं ते सगळं पट्टीनं मढवलं. समोरच्या अंबूबाईंनी गॅलरीतून विचारलं की नळाची लाईन खोदताय का. सिलिंडरचा टेम्पो आला तो आमच्या दारापर्यंत आलाच नाही, पलीकडच्या गल्लीतून वळून गेला. सिलिंडर मी खांद्यावर आणला.

तिसरं कलम मोकळी वाट. हे मी फार मनावर घेतलं. टीपॉय, खुर्च्या, शिलाई मशीन, आईची पत्र्याची पेटी, पाण्याचा माठ, जे जे पायात येण्यासारखं होतं ते सगळं गच्चीवर नाहीतर मागच्या बोळात गेलं. टीपॉय मी उदारपणे गंगाधररावांना देऊन टाकला. दोन खुर्च्या तेवढ्या भिंतीला लावून ठेवल्या. हॉलमध्ये कबड्डी खेळता आली असती. मला फार समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आलो तर आई हॉलच्या बरोबर मधोमध उभी होती. दोन्ही हात पुढं केलेले, आणि ती जागच्या जागी हळूहळू वळत होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मी हाक मारली तेव्हा तिनं हात पटकन खाली घेतले आणि म्हणाली, काय न्हाई, उभी हाय आपली. मला ते दृश्य आवडलं नाही. पण त्याचा अर्थ मी काय लावला, तर हिला मार्गदर्शन कमी पडतंय.

आता माझा आवाज. स्टँडवर भोंगा बंद असला तरी माझं पुकारणं नदीपलीकडं ऐकू जायचं असं लोक म्हणतात, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. त्या दिवसापासून आई उठली की मी पुकारायला लागलो. दोन पावलं पुढं. डावीकडं घे. थांब, दार आहे. पुढं पायरी आहे. आई बाथरूमला निघाली की अर्ध्या कॉलनीला कळायचं. आठवडाभरात भाजीच्या गाडीवर अंबूबाईंनी दीपमालाला काळजीनं विचारलं, की आज मावशींना चारदा जावं लागलं, पोट बिघडलंय का. दीपमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं तेही ऐकलं होतं. संध्याकाळी ती मला म्हणाली, "सायबा, म्या काय एस्टी हाय व्हय? मागं घ्या, पुढं घ्या. मानसाला लाज असती."

मी दुखावलो. चौतीस वर्षांत माझ्या पुकारण्याबद्दल एकही तक्रार नव्हती.

चौथं कलम कठडा. आमच्या दाराबाहेर तीन पायऱ्या आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी नळी बसवायची होती. फॅब्रिकेशनवाला माप घेऊन गेला आणि गंगाधरराव आले. त्यांचं म्हणणं, नळीचे पाय कॉलनीच्या सामाईक जागेत चार इंच येतात, तेव्हा अर्ज करा, दोन्ही शेजाऱ्यांची ना हरकत जोडा, विषय सभेत ठेवू. एका बाजूचे शेजारी तेच होते. तरी त्यांनी अध्यक्ष म्हणून शेजारी गंगाधररावांची सही मागितली, आणि शेजारी म्हणून विचार करायला दोन दिवस घेतले. पहिल्या सभेला माणसं पुरेशी जमली नाहीत. दुसऱ्या सभेत पाऊण तास चर्चा होऊन तोडगा निघाला, की दोन बाजूंना नको, एका बाजूला नळी बसवा, चढताना डाव्या हाताला येईल अशी.

आईचा डावा खांदा दहा वर्षं आखडलेला आहे. तिचा जो काही जोर तो उजव्या हातात. म्हणजे उतरताना नळी तिच्या उजव्या हाताला येई आणि ती झक्क उतरे. चढताना तीच नळी डावीकडं, तिथं हात उचलत नाही. आमची आई आता घरातून बाहेर पडू शकत होती, परत येऊ शकत नव्हती. तिला गावाला जायचंच होतं, समितीनं त्याची निम्मी सोय करून दिली.

पौर्णिमा आठ दिवसांवर आली. आईनं आपली दोन लुगडी, औषधाच्या बाटल्या आणि बुद्धांची छोटी मूर्ती एका पिशवीत बांधली. दीपमाला म्हणाली, "अहो, एकदा नेऊन तर आणा त्यांना गावाला. राहायला नको, झाडलोट करायला म्हणून. तुम्ही पण बघा तिथं त्या कशा वावरतात ते." मला ते पटलं नाही, पण माझं पटलेलं सगळं करून झालं होतं.

आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो आणि नसरापूरला गाडी बदलली. गावात उतरून घरापर्यंत आई माझा हात धरून चालली. वाट परड्यातून येते, म्हणून मी मागच्या दाराचं कुलूप काढलं. वीज बिल न भरल्यानं कधीच तोडलेली, खिडकी एकच, आत नुसता अंधार. मी दारात थबकलो. आईनं माझा हात सोडला आणि ती आत गेली.

मी मागोमाग शिरलो आणि कपाळ चौकटीवर आपटलं. आतून आई म्हणाली, "वाक की. पन्नास वर्सं सांगत आले." मग माझा अंगठा कशाला तरी ठेचला. तो पाटा होता, असं तिनंच आतून सांगितलं. ती हात पुढं करून चालत नव्हती, तिचा हात कडेनं चालला होता. आधी मेढ, म्हणजे मधला लाकडी खांब, मग कणगी, मग पाटा, मग चूल. एकावरून हात सुटायच्या आत दुसऱ्याला लागत होता. तिनं काटक्या मोडल्या, आगपेटी कोनाड्यातून काढली, बाटलीतल्या पाण्यात पिशवीतला गूळ आणि चहापूड घातली आणि दुधाशिवायचा चहा केला. एक थेंब सांडला नाही. माझी नजर चांगली, चष्मासुद्धा वाचण्यापुरताच लागतो, आणि मी त्या घरात एका जागी बसून होतो. रिकामा कप कुठं ठेवावा ते मला कळत नव्हतं, तो तिनं माझ्या हातातून काढून घेतला. तेव्हा मला खरी भीती वाटली. ही इथं राहील. आणि एक दिवस परड्यातल्या विहिरीकडं जाईल.

आई म्हणाली, कप विसळून आणते, कोपऱ्यावर नळ हाय. पुढच्या दाराची कडी काढून ती उंबरा ओलांडून निघाली, आणि मी तोंड उघडलं होतं पण लाजेनं मिटलं. उंबऱ्याबाहेर आमची एक दगडी पायरी होती, चांगली फूटभर खाली. आई लग्न होऊन आली तेव्हापासूनची. गेल्या वर्षी गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला आणि तो भरत भरत थेट आमच्या उंबऱ्याला आला. आईनं पाय खाली सोडला, तो खाली गेलाच नाही, मध्येच आपटला आणि ती गुडघ्यांवर पडली. कप फुटले.

मी धावलो. फार लागलं नव्हतं, गुडघा खरचटला होता. पण ती उठेना. रस्त्यावर तळहात ठेवून ती चाचपत होती.

"सायबा, माझी पायरी कुठं गेली?"

मी सांगितलं, रस्ता झालाय आई, पायरी त्याच्याखाली गेली. ती बराच वेळ काँक्रीटवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "रस्ता ब्येस केलाय. पर ह्येंनी बी मला इचारलं न्हाई."

त्या 'बी'मध्ये मी होतो. मी तिच्याशेजारी रस्त्यावरच बसलो. भर दुपारी, गावातल्या रस्त्यावर, निवृत्त कंट्रोलर. आणि एक महिन्यापूर्वी विचारायचं ते तेव्हा विचारलं. म्हटलं, आई, घर कसं पायजे तुला?

ती म्हणाली, "हाताला कायतरी लागू दे. मोकळ्यात मानूस हरवतं, बाबा."

एवढंच. यासाठी मी सहा ट्यूबा, चार काळी ताटं आणि पट्टीची दोन रिळं खर्ची घातली होती.

येताना तिनं पाटा बरोबर घ्यायला लावला. तो गोणपाटात बांधून मी गाडीत चढवला तेव्हा कंडक्टरनं मला ओळखलं आणि अदबीनं विचारलं, की साहेब, दगड? मी म्हटलं, घरचा आहे. आईला मी विचारलं, मग गावाला जायचं रद्द ना? ती म्हणाली, पौर्णिमेपातूर बघते.

पुढचे पाच दिवस आई खाटेवर बसून सांगत होती आणि मी उचलत होतो. गच्चीवरून पेटी आली, ती खाटेच्या उशाला. तिच्यापुढं एक खुर्ची. पुढं शिलाई मशीन. स्वयंपाकघराच्या दाराशी माठ, तो हाताला गार लागतो म्हणजे दार आलं. ओट्यावर गॅसच्या डावीकडं पाटा. खुर्ची आणि मशीन यांच्यामध्ये टीपॉयच पाहिजे असं तिचं पडलं, दुसरं काही चालेना. मी गंगाधररावांकडं गेलो. त्यांनी त्यावर मनी प्लँटची कुंडी ठेवली होती. दिलेली वस्तू परत मागण्याबद्दल त्यांनी मला वीस मिनिटं ऐकवलं आणि मी ऐकून घेतलं. शेवटी टीपॉय देताना ते म्हणाले, कुंडी खाली ठेवतो, म्हातारीला आधी. हे त्यांनी अर्ज न मागता केलं, म्हणून नोंदवून ठेवतो.

पट्टी सगळी सोलून काढली. तीनच ठिकाणी ठेवली, आईनं सांगितली तिथं: ओट्याची कड, गॅसचं बटण आणि बाहेरची खालची पायरी. दिवा एकच, ओट्यावर, तिच्या डोळ्यांवर न येणारा. पायऱ्या चढताना उजव्या अंगाला आमचीच भिंत आहे, तिला मी बसच्या दारात असते तशी मूठ बसवली. आमच्या भिंतीला समितीची परवानगी लागत नाही, हे मला आधी का सुचलं नाही ते विचारू नका. शेवटी दीपमालानं तूरडाळीच्या डब्यामागून लायटर काढला आणि आईच्या हातात दिला. आईनं तो पदरात धरला आणि माझ्याकडं तोंड करून एक अट घातली, की पुकारायचं न्हाई.

पौर्णिमा उजाडली. आईची पिशवी अजून बांधलेलीच होती, खाटेखाली. मी आणि दीपमाला हॉलमध्ये भिंतीला टेकून बसलो. मी वर्तमानपत्र धरलं होतं, उलटं की सुलटं ते आठवत नाही. आई खोलीतून निघाली. पेटीवर हात आपटल्याचा आवाज आला, मग खुर्ची, मग टीपॉय, मग मशीन, मग माठाचं झाकण. लायटर तीनदा वाजला. चौथ्यांदा गॅस पेटला. माझ्या तोंडाशी शब्द येत होते, मंद कर, दूध वर येईल, आणि मी ते गिळत होतो. इतका वेळ गप्प बसायची मला सवय नाही. आल्याचा वास आला. कपाच्या काठावर बोट ठेवून ती चहा ओतत असणार, कारण मध्येच स्स केल्याचं ऐकू आलं आणि दीपमालानं डोळे मिटले.

आई भरलेला कप घेऊन दारात आली. कोपर माठाला घासून ती हॉलमध्ये शिरली. पण माठापासून मी बसलो होतो तिथपर्यंत सहा पावलं मोकळी होती. त्या वाटेवर काहीच ठेवलं नव्हतं. आई थांबली. मी उठणार तोच दीपमालानं माझा गुडघा दाबून धरला.

आई म्हणाली, "सायबा, बोल की कायतरी. तू कुठं बसलाईस ते कळंना."

चौतीस वर्षं ज्या आवाजावर माझं पोट चाललं, तो आवाज फुटेना. दीपमालानं मला कोपरानं ढोसलं. तेव्हा कुठं मी म्हटलं, "हितं हाय, आई."

ती सरळ सहा पावलं चालत आली आणि कप माझ्यापुढं धरला. काठोकाठ भरलेला होता, बशी कोरडी होती. मी एक घोट घेतला. ती म्हणाली, "दूध कमी पडलं. उद्या अर्धा लिटर जास्त घ्या."

उद्या, म्हणाली ती. दीपमालानं माझ्याकडं पाहिलं आणि पटकन पदर डोळ्यांना लावला.

आई वळली. म्हणाली, "आता दीपाचा कप आनते. तू बोलत ऱ्हा." मग मी हळू आवाजात, घराबाहेर जाणार नाही इतपत, गाड्या पुकारायला लागलो. भोर, नसरापूर, वेल्हे. भोर, आंबवडे. भोर, शिवरे. आणि आई दुसरा कप घेऊन त्या आवाजावर चालत आली.